गोरखचिंचेच्या पोटातला विणकर

सातवीच्या वर्गाला मी एकदा आफ्रिका शिकवीत होतो. फळ्यावर नकाशा टांगून वाळवंटे, नद्या, हिऱ्यांच्या खाणी असा सगळा पाढा म्हणून दाखविला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली नि म्हणाली, "गुरुजी, तिथं पूर्वी राजे नव्हते का?" मी फारसा विचार न करता उत्तरलो, "तिथं इतिहास असा नाहीच. गोरे लोक गेले, तेव्हापासूनचा काय तो आहे." मुलगी खाली बसली. घंटा झाली. परंतु त्या उत्तराने घरापर्यंत माझी पाठ सोडली नाही. जे मला ठाऊक नव्हते ते मुळी नव्हतेच, असे मी बेधडक सांगून मोकळा झालो होतो!

प्रायश्चित्त म्हणून पुस्तके धुंडाळू लागलो आणि भेटला तो आपल्या ओळखीचाच पाहुणा, इब्न बतूता. महंमद तुघलकाच्या पदरी राहिलेला, आपल्या दौलताबादेस आणि नंदुरबारास येऊन गेलेला हा मोरोक्कोचा प्रवासी. दिल्ली सोडल्यावर दहा वर्षांनी, १३५२ साली, तो सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेला.

तेराव्या शतकात सुन्द्याताने उभारलेले हे राज्य नायजर नदीच्या काठी पसरले होते. तेथील मान्सा मूसा हा राजा १३२४ साली मक्केच्या यात्रेस निघाला, तेव्हा वाटेत कैरो शहरात त्याने एवढे सोने वाटले नि खर्चिले की, तेथे सोन्याचा भावच उतरला. परंतु सोन्याच्या या मुलखाला मीठ मात्र वाळवंटातून आणावे लागे. वाटेवरच्या तघाझा गावी घरेदेखील मिठाच्या शिळांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. तेथे झाड नाही, झुडूप नाही. खणायला गुलाम; त्यांचे पोट खजूर, उंटाचे मांस आणि दूरवरून आलेले धान्य यांवर भरे. सोन्याच्या झगमगाटामागे हेही होतेच, आणि मुलांपासून ते लपवू नये.

पुढे दक्षिणेला मात्र रस्ते निर्धास्त. वाटसरूने शिदोरी बांधायला नको. मिठाचे खडे, काचेचे मणी नि थोडा मसाला गाठीला असला की पुरे. गावात शिरताच बायका बाजरी, तांदूळ, दूध, कोंबड्या घेऊन पुढे येत. वाटेवर प्रचंड गोरखचिंचा होत्या. हे झाड आपल्याकडे आले तेही आफ्रिकेतूनच. अशाच एका झाडाच्या पोकळ बुंध्यात माग मांडून एक विणकर खुशाल कापड विणीत बसलेला पाहून इब्न बतूता थक्क झाला.

राजधानीत मूसाचा भाऊ सुलेमान गादीवर होता. राजाकडून भेट आली म्हणताच पाहुण्याने वस्त्रांची नि पैशांची आशा धरली. निघाल्या काय, तर तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळाभर दही! त्याला हसू आवरेना. सणाच्या दिवशी तो काझीच्या घरी गेला, तर त्याची मुले साखळीने बांधलेली. आज तरी सोडा, म्हटले, तर उत्तर मिळाले की, कुराण तोंडपाठ होईपर्यंत सुटका नाही.

पण मला खरे उत्तर सापडले ते दरबारात. सणाला तेथले भाट पिसांचा वेष करून, लाल चोचीचे लाकडी मुखवटे चढवून राजापुढे उभे राहत. याच आसनावर पूर्वी कोण कोण बसले नि त्यांनी कोणती सत्कृत्ये केली ते ऐकवीत, आणि तुझ्यामागे सांगण्याजोगे काही तूही कर, असे राजाला बजावीत. सुन्द्याताची कथा या भाटांच्या घराण्यांनी बापाकडून मुलाकडे देत आजवर जिवंत ठेवली आहे. इतिहास नसलेल्या लोकांचा का हा उद्योग?

पुन्हा त्याच वर्गात जाऊन मी प्रथम माझी चूक कबूल केली, मग हे सारे सांगितले. साखळीतल्या मुलांची गोष्ट येताच वर्ग खदखदून हसला. ती मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "गुरुजी, मग सोडलं का त्यांना?"

"ते काही लिहून ठेवलेलं नाही," मी म्हणालो.

त्यावर पलीकडच्या बाकावरून कुणीतरी तिला धीर दिला, "अगं, झालं असेल की पाठ!"