काला अंबपलीकडचा सूर

पानिपतनजीकच्या काला अंब येथे गेलेल्या मराठी माणसाचे मस्तक आपोआप नमते. 14 जानेवारी 1761 रोजी भाऊसाहेब व विश्वासराव यांच्यासह महाराष्ट्राची एक पिढी या भूमीवर कामी आली. दिल्लीकर मराठीजन त्या स्मृतीस अभिवादन करून परततात. परंतु पूर्वेस, यमुनेच्या पैलतीरी, कैराना नावाचे गाव आहे, याचे स्मरण कितीजणांस होते? किराणा घराण्याचे नाव त्याच गावावरून पडले आणि 1872 साली तेथेच खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांचा जन्म झाला.

तरुणपणी बडोदे दरबारी गायिल्यानंतर खाँसाहेब ताराबाई माने यांच्यासह मुंबईस आले व पुढे मिरजेचे झाले. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालविले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांनी संगीत रंगभूमी गाजविली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वतीबाई राणे ही तर त्यांचीच अपत्ये.

1902 साली मिलान येथे ऑपेरागायक कारुसो यांचा, तर कलकत्त्यास गौहरजान यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत खाँसाहेबांच्याही तबकड्या निघाल्या. तासन्‌तास रंगणारा राग तीन मिनिटांत मांडणे ही कसोटीच होती; मात्र त्यांचा टोकदार, आर्त स्वर तेवढ्यातही काळजाला भिडे. उत्तरायुष्यात त्यांनी खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तील ‘चंद्रिका ही जणू’ हे पद देवगांधार रागात गायिले. ती तबकडी महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. यमुनातीराची त्यांची भैरवीतील ठुमरी तर आजही कित्येकांच्या कानांत आहे.

27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जाताना, वाटेत सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर त्यांचे देहावसान झाले. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. तेथे त्यांच्या स्मरणार्थ गायनसेवा होत आली आहे.

दक्षिणेतून पानिपतास आलेले असंख्य वीर परतले नाहीत. आणि यमुनेच्या त्या तीरावरून महाराष्ट्रात गेलेला हा गायकही परतला नाही. पहिल्या घटनेचे दुःख आपण पिढ्यान्‌पिढ्या जपले. दुसरीचे ऋण मात्र उच्चारावयाचे राहून गेले. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी काला अंबला वंदन करताना क्षणभर पैलतीराकडेही पाहावे, आणि घरी परतल्यावर खाँसाहेबांची एखादी तबकडी आवर्जून ऐकावी.