पाँटियाक फिएरो : हौसेला मोल नसते, पण...

अमेरिकी मोटारींच्या इतिहासात ऐंशीचे दशक फारसे गौरवाचे मानले जात नाही. सत्तरच्या दशकातील तेलटंचाईने मोठ्या इंजिनांची मिजास उतरवली होती आणि त्यांची जागा घेणाऱ्या गाड्यांना ना वेग होता, ना रूप. याच काळात जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागाने १९८४च्या हंगामासाठी 'फिएरो' ही दोन आसनी कूपे बाजारात आणली. इंजिन आसनांच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे, अशी रचना त्याआधी महागड्या इटालियन गाड्यांतच प्रामुख्याने पाहायला मिळे. मोठ्या संख्येने उत्पादन झालेली या रचनेची ही पहिली अमेरिकी मोटार. १९८८ पर्यंतच्या पाच हंगामांत सुमारे तीन लाख सत्तर हजार गाड्या तयार झाल्या.

तिचे आकर्षण समजण्यासाठी तिच्याजवळ उभे राहणे पुरेसे आहे. जमिनीलगतचा बांधा, बटणासरशी उघडणारे पुढचे दिवे, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बैठक. पोलादी सांगाड्यावर प्लास्टिकचे भाग बसवलेले असल्याने चाळीस वर्षांनंतरही बाहेरून गंजाचा ठिपका दिसत नाही. मात्र ग्राहक फसतो तो नेमका येथेच. अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खालच्या सांगाड्यात साचून पोलाद खाते आणि वरचे चकचकीत प्लास्टिक ते झाकून ठेवते. मागच्या डिकीखालच्या पट्ट्या हाताने चाचपल्याशिवाय या गाडीचा सौदा करू नये.

तुर्कस्तानात जन्मलेले मुख्य अभियंता हुल्की अल्दिकाक्ती यांनी कंपनीकडे ही गाडी इंधन वाचवणारी, रोज कामावर जाण्यासाठीची स्वस्त मोटार म्हणून मांडली होती. पैसा बेताचाच मिळाला. त्यामुळे पुढचे सस्पेन्शन शेव्हेट या छोट्या गाडीचे घेतले आणि सायटेशन या मोटारीची पुढची यंत्रणा फिरवून मागे बसवली. चार सिलिंडरचे अडीच लिटरचे इंजिन जेमतेम ९२ अश्वशक्तीचे होते. रूप शर्यतीचे आणि पळणे कारकुनी, अशी टीका झाली ती रास्तच म्हणावी लागेल. १९८५ मध्ये २.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन आल्यावर ती शक्ती १४० पर्यंत गेली.

त्याहून गंभीर प्रकरण आगीचे. १९८४च्या काही गाड्यांत तेलाची पातळी खाली जाऊन कनेक्टिंग रॉड तुटत, इंजिनाला भोक पडे आणि बाहेर उडालेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून पेट घेई. अखेर कंपनीला गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आज चार सिलिंडरची फिएरो घेणाऱ्याने ती दुरुस्ती झाल्याचा कागद मागावा आणि तेलाची पट्टी वरचेवर पाहावी. येथे आळस परवडणारा नाही.

इतर दुखणी जिवावरची नाहीत, पण चिकट आहेत. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने पाण्याचे नळ गाडीच्या पोटाखालून जातात. अनोळखी मेकॅनिकने चुकीच्या जागी जॅक लावला की ते चेपतात. पाणी बदलताना आत अडकलेली हवा नीट काढली नाही तर इंजिन तापते. वर-खाली होणाऱ्या दिव्यांच्या मोटरमधील प्लास्टिक झिजून एक डोळा मिटलेली फिएरो दिसणे नवलाचे नाही. पॉवर स्टिअरिंग नसल्याने गाडी लावताना दंडाला व्यायाम होतो. कॅलिफोर्नियात तर १९७६ नंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या चाचणीतून सुटका नाही, त्यामुळे मोठे इंजिन बसवण्याची हौस तेथे महागात पडते. इतरत्र मात्र ती हौस सर्रास चालते. फिएरोच्या सांगाड्यावर फेरारीची नक्कल चढवणारेही कमी नाहीत. अस्सल फिएरो दुर्मिळ होण्यास त्यांचाही हातभार लागला.

पाँटियाक हे नाव २०१० मध्ये बंद झाले. तरीही इंजिनाचे बरेच सुटे भाग मिळतात, कारण तीच इंजिने कंपनीच्या इतर अनेक गाड्यांत होती. उसनवारीचा हा असा फायदा! जाणकारांची सर्वाधिक मागणी आहे ती १९८८च्या गाडीला. अभियंत्यांना हवे होते ते नवे सस्पेन्शन त्या वर्षी मिळाले आणि त्याच वर्षी उत्पादन थांबले. ते सस्पेन्शन दुसऱ्या कोणत्याच गाडीला बसवले गेले नाही. त्यामुळे सर्वांत चांगल्या फिएरोच्या पुढच्या चाकांचे बेअरिंग गेले, तर मालकाला ते शोधत फिरावे लागते.