लोखंड (शब्दार्थ व व्युत्पत्ती)

‘लोखंड’ हा मराठी शब्द संस्कृत ‘लोहखंड’ यापासून आला. ‘लोह’ मुळात तांबूस रंगाचा वाचक असून ‘रोहित’, ‘लोहित’ यांच्याशी संबद्ध आहे. प्राचीन वाङ्मयात त्याचा अर्थ बहुधा तांबे असा होतो. वाजसनेयी संहितेतील धातूंच्या यादीत ‘श्याम’ व ‘लोह’ वेगळे आहेत. त्यांपैकी श्याम म्हणजे लोखंड, असे सामान्यतः मानतात. अमरकोशात मात्र ‘लोह’ हे लोखंडाचे नाव आहे, तसेच सर्व धातूंचेही. हा व्यापक अर्थ ‘पंचलोह’ शब्दात टिकून आहे. म्हणून जुन्या ग्रंथातील केवळ ‘लोह’ या शब्दावरून लोखंडाचे प्राचीनत्व ठरविणे धोक्याचे होय. विदर्भापुरता भूमीचाच पुरावा अधिक भक्कम आहे : नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणकालीन लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली.

ग्रामनामांविषयीही हीच सावधगिरी हवी. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा व गडचिरोली जिल्ह्यातील (१९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग) सुरजागड येथे हेमॅटाइटाचे साठे आहेत. (या खनिजाची पूड तांबडी असते, पण ‘लोह’ शब्दातील तांबडेपणा तांब्याचा, खनिजाचा नव्हे.) परंतु लोहारा नावाचे गाव धाराशिव जिल्ह्यातही आहे व तेथे असे साठे नाहीत. सिरोंचा भागातील तेलुगू भाषकांचा ‘इनुमु’ हा शब्द सर्वस्वी वेगळा, द्राविडी कुळातील आहे.