मैला वाहणारी आगबोट

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांचे तळ खरवडायचे, फटी बुजवायच्या, तेल लावायचं. हे काम बघायला कुणी येत नाही. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट अशाच कामाची आहे, पण इंग्लंडच्या साउथॅम्प्टन बंदरातली. तिथे आपल्या पावसाच्या जागी थंडी.

बोटीचं नाव शील्डहॉल. स्कॉटलंडमध्ये रेनफ्रू इथे लॉबनिट्झ कंपनीने ती बांधली आणि जुलै १९५५ मध्ये पाण्यात उतरवली. कशासाठी? ग्लासगो शहराचा मैला वाहायला. हो, बरोबर ऐकलंत. सांडपाण्याचा गाळ पोटातल्या टाक्यांत भरायचा, क्लाइड नदीतून खाली जायचं आणि समुद्रात सोडून परत यायचं. तेव्हा तसंच चालायचं. समुद्रात असा गाळ टाकणं युरोपात १९९८ अखेर बंद झालं. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्याच बोटीतून उन्हाळ्यात लोक सहलीला जायचे, हे सांगितल्यावर तर कुणाचा विश्वासच बसेना. पण खरं आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना समुद्राची हवा मिळावी म्हणून ग्लासगोच्या गाळबोटींवर न्यायला लागले. ती प्रथा पुढे राहिली आणि म्हाताऱ्या माणसांचे गट जाऊ लागले. शील्डहॉलवर ८० माणसांची सोय होती.

१९८० पासून ती साउथॅम्प्टनकडचा गाळ वाहू लागली. १९८५ मध्ये तेल महाग पडतं म्हणून तिला कामावरून काढलं. पुढचा मुक्काम भंगारवाल्याकडेच. पण काही लोकांनी मिळून संस्था उभी केली आणि १९८८ मध्ये २०,००० पौंडांना ती विकत घेतली. तेव्हापासून बोट चालवतात ती बिनपगारी माणसं. मैल्याच्या बोटीसाठी! राजाची नाव असती तर कुणीही जपली असती, असं आम्हांला वाटतं.

उन्हाळ्यात सहली आणि थंडीत दुरुस्ती, असं त्यांचं वर्ष. थंडीचं काम ऐका. बॉयलर गार करून रिकामा करतात आणि झाकणं उघडतात. त्या भोकातून माणूस आत शिरतो. आपल्या तांब्याच्या बंबात क्षारांचा पांढरा थर बसतो ना, तसा थर बॉयलरमध्ये बसला तर उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि पत्रा जास्त तापून कमकुवत होतो. म्हणून तो काढायचा. नळ्यांमधली काजळी ब्रशाने झाडायची. वाफेच्या झडपा एकेक उघडून घासून बसवायच्या, कारण केसाएवढी फट राहिली तरी वाफ फुसफुसते. बाहेरून हातोडीने ठोकत गंज पाडायचा, मग रंग. तपासणारा अधिकारी बॉयलर पास करेपर्यंत बोट हलत नाही.

इंजिनं दोन. त्यांत एकच वाफ तीन सिलिंडरांतून जाते. पहिल्यात तिचा जोर सर्वांत जास्त, मग उतरत जातो, म्हणून पुढचा सिलिंडर आधीच्यापेक्षा मोठा. पुरणाची डाळ शिजवून तिच्या कटाची आमटी करतो, काही फुकट घालवत नाही, तोच हिशेब. आणि थंड बॉयलर एकदम पेटवत नाहीत. गार मडकं भडक्या जाळावर ठेवलं तर तडकेल, म्हणून सावकाश, दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ ऊब देत वाफ चढवतात. एवढा धीर बिनपगारी माणसांनी धरायचा!

आमच्या गटातल्या आजी हे सगळं गुपचूप ऐकत होत्या. त्या मुलगी असताना जैतापूरहून आगबोटीने मुंबईला गेलेल्या. पडावातून बोटीजवळ जायचं, वर चढताना काळजाचा ठोका चुकायचा, पहाटे भाऊचा धक्का. त्या म्हणाल्या, “आमच्या बोटी कुठे गेल्या गो?” आम्हांला सांगता आलं नाही. रामदास बोट सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ज्या बुडाल्या नाहीत, वर्षानुवर्षं माणसं सुखरूप पोचवत राहिल्या, त्यांतली एकही आम्ही पाहिलेली नाही.

आजींचा प्रश्न आम्हांला लागला त्याला कारण आहे. आमच्या गटाचं मसाला कांडप यंत्र. कर्ज काढून घेतलं, दोन उन्हाळे चाललं. गेल्या पावसाळ्यात काम नव्हतं म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये तसंच पडून राहिलं. कुणी पुसलं नाही, कुणी तेल घातलं नाही. ऐन मार्चात, मिरच्या वाळून तयार असताना, यंत्र जाम. दोष कुणा एकीचा नाही. पाळीच लावलेली नव्हती, आणि ती लावणं आमचं काम होतं.

या पावसाळ्यासाठी पाळी लावली आहे, दर मंगळवारी दोघीजणी. पहिल्या मंगळवारी आजी आहेत. ऐंशीच्या पुढच्या बाईला आम्ही पाळी दिली नव्हती, पण त्यांनी वहीत आपलं नाव स्वतः लिहायला लावलं आणि तेलाची बाटली घरून आणते म्हणाल्या.