करदात्यांची चळवळ, सन १८७१ : नांदेड व लातूर येथील करमंजुरीच्या अधिकाराचें एक मूळ

नांदेड व लातूर या दोन्ही शहरांचा कारभार ज्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमान्वयें चालतो, त्यांत असें कलम आहे कीं, पुढील वर्षीं कोणता कर कोणत्या दरानें घ्यावयाचा हें महानगरपालिकेनें, म्हणजे लोकनियुक्त सभासदांच्या सभेनें, स्थायी समितीच्या सूचना विचारांत घेऊन २० फेब्रुवारीच्या आंत ठरविलें पाहिजे. आयुक्तानें अंदाज तयार करावा, समितीनें तो तपासावा, सभेनें दर मंजूर करावा, अशी ही रचना आहे. वरवर पाहतां ही कारकुनी तजवीज वाटते. परंतु तिच्या पोटांत एक जुनें भांडण आहे, आणि तें ना नांदेडास झालें, ना लातुरास. तें मुंबईस सन १८७१ सालीं झालें. त्या वेळीं हीं दोन्ही गांवें निजामाच्या मुलखांत होतीं, व मुंबईच्या कायद्याशीं त्यांचा कांहीं एक संबंध नव्हता. तें भांडण काय होतें व त्याचा निकाल या दोन गांवांपर्यंत कसा पोंचला, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

सन १८६५ च्या दुसऱ्या कायद्यानें मुंबई शहराचा कारभार जस्टिस ऑफ दि पीस या मंडळीकडे सोंपविण्यांत आला. हे जस्टिस सरकारनें नेमलेले असत. त्यांना कोणी निवडून दिलेलें नव्हतें, व कोणास जाब देण्याचेंही त्यांस कारण नव्हतें. त्यांच्या जोडीस सरकारनेंच नेमलेला एक म्युनिसिपल कमिशनर, व सर्व अंमलबजावणी त्याच्या एकट्याच्या हातीं. अंदाजपत्रकास मंजुरी देण्याचा अधिकार जस्टिसांचा होता खरा. पण मंजुरीबाहेर गेलेला पैसा वेळींच अडविण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें, आणि त्यांच्यांतील पुष्कळांस तशी इच्छाही नव्हती.

या जागेवर आलेला पहिला गृहस्थ आर्थर क्रॉफर्ड. हा मोठा उद्योगी, करारी, आणि पैशाच्या बाबतींत सढळ हाताचा. घाणीनें भरलेलें शहर त्यानें धुवून काढलें, रस्ते व गटारें हातीं घेतलीं, व १८६९ सालीं पुरी झालेली मोठी मंडई त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. पुढें १८८८ सालीं लांचेच्या चौकशींत गाजलेला क्रॉफर्ड तो हाच. पण त्या प्रकरणाची छाया या प्रकरणावर पाडणें न्यायाचें होणार नाहीं. १८७१ सालीं त्याच्याविरुद्ध ओरड होती ती लांचेची नव्हे, खर्चाची.

खर्चाचा काळ मात्र वाईट निवडला गेला. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव चढून मुंबईंत पैशाचा पूर आला होता, तो १८६५ च्या जुलैंत शेअरबाजाराच्या दिवाळ्यानें ओसरला. आणि नेमका त्याच जुलैंत नवा कायदा अमलांत आला. सन १८६४ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती, ती १८७२ च्या शिरगणतींत ६,४४,४०५ भरली. म्हणजे आठ वर्षांत पांचांतील एकाहून अधिक माणूस शहरांतून वजा झाला. घरें रिकामीं पडलीं, भाडीं उतरलीं. परंतु गटारांचा व रस्त्यांचा खर्च माणसें गेलीं म्हणून कमी होत नसतो. घरपट्टी, दिवाबत्ती व पोलिसांची पट्टी, हलालखोरपट्टी, गाडीपट्टी, व या सर्वांवर जकात, असा बोजा उरलेल्यांच्या डोक्यावर बसला. तरीही तिजोरींत तूट पडतच गेली. शहराला स्वच्छ केलें हें कमिशनराचें म्हणणें खरें, आणि आतां हें आम्हांस झेपत नाहीं हें घरमालकांचें म्हणणेंही खरें. या प्रकरणाकडे केवळ उधळ्या अधिकारी व सोशीक प्रजा या दृष्टीनें पाहणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

सन १८७१ च्या उन्हाळ्याअखेर जस्टिसांच्या सभेंत जेम्स फोर्ब्स या व्यापाऱ्यानें कमिशनराच्या कारभाराविरुद्ध तोफ डागली. त्याच्या बाजूस नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक असे वजनदार लोक उभे राहिले. ‘रास्त गोफ्तार’ पत्राचे संपादक कैखुश्रू काबराजी यांनीं लेखणी परजली, व टाउन हॉलच्या आंत चाललेला वाद बाहेर पेठापेठांतून ऐकूं येऊं लागला. फोर्ब्स पक्षाचा उपाय असा होता कीं, एकट्या कमिशनराच्या हातची सत्ता काढून ती एका कार्यकारी मंडळाकडे द्यावी.

या उपायास विरोध करणारा एक तरुण बॅरिस्टर निघाला. फिरोजशहा मेहतांचें वय त्या वेळीं सव्वीस. १८७१ च्या नोव्हेंबरांत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें निबंध वाचून त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, दोष एकहाती अंमलबजावणींत नाहीं. काम करण्यास एकच हात असणें बरें. परंतु त्या हातावर देखरेख ठेवणारे जस्टिस कोणासच जबाबदार नाहींत, व सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे. तेव्हां कमिशनर राहूं द्यावा, मात्र देखरेख करणारी सभा करदात्यांनीं निवडलेली असावी. त्या दिवशींच्या सभेस हें रुचलें नाहीं. क्रॉफर्डची तरफदारी करतो असें समजून श्रोत्यांनीं त्यांची हेटाळणी केली. आमच्या मतें या सर्व वादांत मूळ प्रश्नावर नेमकें बोट ठेवलें तें या अप्रिय व्याख्यानानेंच. खर्च कमी करा ही मागणी त्या वर्षापुरती होती. खर्चावर मत देणारा कोण, हा प्रश्न पुढच्या सर्व वर्षांचा होता.

क्रॉफर्डला पद सोडावें लागलें, आणि १८७२ चा तिसरा कायदा झाला. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली. त्यांपैकीं बत्तीस करदात्यांनीं निवडावयाचे, सोळा जस्टिसांनीं, व सोळा सरकारनें नेमावयाचे. अंदाजपत्रक व हिशेब तपासण्यास बारा जणांची टाउन कौन्सिल नेमण्यांत आली. कमिशनर राहिला, पण पैशाच्या थैलीचें तोंड दुसऱ्याच्या मुठींत गेलें. पुढें १८८८ च्या कायद्यानें टाउन कौन्सिलची जागा स्टँडिंग कमिटीनें घेतली. आज आपण जिला स्थायी समिती म्हणतों ती हीच.

येथें एक गोष्ट मात्र दृष्टीआड करून चालणार नाहीं. मताचा हक्क मिळाला तो वर्षास निदान पन्नास रुपये पट्टी भरणारांस. सहा लाखांच्या शहरांत असे लोक केवळ कांहीं हजार. ज्या मजुराच्या घरांत येणाऱ्या जिनसांवर जकात बसत होती, तो कर देत होता, पण करदाता नव्हता. जकात ही अशी विलक्षण वस्तु आहे कीं, ती सर्वांच्या खिशांतून जाते व थोड्यांच्याच वहींत दिसते. याच काळांत पुण्याच्या नगरपालिकेंत जोतीराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, त्यास त्यांनीं एकट्यानें विरोध केला. जोतीराव सरकारनियुक्त सभासद होते. तरी ज्यांस मत नव्हतें त्यांच्या वतीनें तेच बोलले. खर्चिक म्हणून गाजलेल्या क्रॉफर्डच्या मंडईस आज त्याच फुल्यांचें नांव आहे, हा योगायोग मौजेचा म्हटला पाहिजे.

आतां निजामाच्या मुलखाकडे वळूं. हैदराबाद राज्यांत सालारजंगानें जिल्हाबंदी केल्यावर जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड घेण्याची पद्धत पडली, व रस्ते, शाळा, दवाखाने यांची सोय त्यांतून होऊं लागली. त्यासाठीं मंडळें नेमलीं होतीं. तालुक्यास तहसीलदार अध्यक्ष, जिल्ह्यास तालुकदार अध्यक्ष, व दफ्तराची भाषा उर्दू. आणा देणारा कुणबी मराठी बोलणारा; त्याच्या आण्याचा हिशेब ज्या कागदावर होता तो त्यास वाचतां येत नव्हता. व्यापाऱ्याची गाठ करोडगिरीशीं पडे. राज्याच्या सरहद्दीवर मालाच्या किंमतीवर शेंकडा पांच हें तिचें मान, व त्याचा आधार १८०२ च्या व्यापारी तहापर्यंत मागें जातो. बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास पोंचली, तेव्हां लातूरच्या गंजांतील माल इंग्रजी मुलखांतील बार्शीस सुलभपणें जाऊं लागला. पण रूळ पडले तरी नाकें उठलीं नाहींत. एवंच, मुंबईंत १८७१ सालीं जो प्रश्न तोंडावर आला, तो येथें विचारण्यास सभाच नव्हती. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूरला भरलें, दुसरें १९३८ सालीं लातुरास. तींतील जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीचा अर्थ गांवच्या पातळीवर लावावयाचा तर तो हाच कीं, पट्टी ठरविणाऱ्यानें पट्टी देणाऱ्यास उत्तर द्यावें.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी अंमल संपला. १९५२ सालीं लातुरास नगरपालिका झाली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, व १९६० सालीं महाराष्ट्र झालें. दरम्यान १९४९ सालीं मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होऊन १८८८ च्या कायद्याची चौकट मुंबईबाहेरच्या शहरांकरितां घेतली गेली होती. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ सालीं व लातूरची २०११ सालीं त्याच अधिनियमाखालीं आली. पन्नास रुपयांची अट तोंपर्यंत इतिहासजमा झालेली होती. प्रत्येक प्रौढ माणसास मत होतें. फोर्ब्सच्या तक्रारीचें व मेहतांच्या निबंधाचें फळ अशा फेऱ्यानें गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यांत पोंचलें.

पुढें जकातीचेंही पान उलटलें. नांदेडास २०१० सालीं जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. या कराविरुद्ध २०१३ सालीं राज्यभर व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेविलीं. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आंतील उलाढालीस तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यावर उरलासुरलाही गेला. यामुळें शहराचें उत्पन्न दोन गोष्टींवर येऊन ठेपलें : शासनाचें अनुदान, व घरपट्टी-पाणीपट्टी. पैकीं दुसरीच काय ती गांवच्या सभेच्या हातची. तेव्हां पूर्वीं न दिसणारा कर गेला व दारावर येणारा कर राहिला. घरपट्टीचा दर वाढवावा कीं खर्च छाटावा, हा विचार आतां व्यापाऱ्यांपुरता राहिला नसून प्रत्येक घराचा झाला आहे.

या विचाराचीं द्वारें दोन. घराचें मूल्य चुकीचें धरलें असेल तर धन्यास हरकत घेतां येते व सुनावणी मागतां येते. हें द्वार एकट्याचें. पण दर किती असावा, दिवाबत्तीवर किती व रस्त्यावर किती, हें हरकतीनें ठरत नाहीं. तें ठरविण्याचें द्वार सभेचें. २०२२ सालीं प्रथम लातूरच्या व मागाहून नांदेडच्या सभेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि दोन्हीं ठिकाणीं प्रशासक आले. त्यानंतरच्या तीन वर्षांतील अंदाजपत्रकें आयुक्त म्हणून जो तयार करी, तोच समितीच्या व सभेच्या अधिकारांत तीं मंजूरही करी. म्हणजे १८७२ सालीं ज्या तीन पायऱ्या वेगळ्या काढल्या होत्या, त्यांवर एकच माणूस चढत व उतरत होता. त्या काळांत एकट्याचें द्वार उघडें होतें, सभेचें बंद. १८६५ च्या जस्टिसांनीं निदान एकत्र बसून तक्रार केली होती. येथें बसण्यास बाकच उरलें नव्हतें. नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत नव्या सभेकरितां मतदान झालें तें १५ जानेवारी २०२६ रोजीं, कायद्यांतील २० फेब्रुवारीच्या छत्तीस दिवस आधीं.