किल्लारीचे लहान धक्के

लातूर जिल्ह्यातील किल्लारीस १९९२ सालीच लहान लहान धक्के जाणवू लागले होते. अशा धक्क्यांमागून मोठा येतोच, असे शास्त्र म्हणत नाही. परंतु घरे तपासावयास तेवढी सूचना पुरेशी होती, असे आम्हांस वाटते. पण दख्खनचा कातळ अचल, ही समजूत १९६७ च्या कोयना भूकंपानेही ढळली नव्हती. तत्कालीन भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता! ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती व धाब्याची ओझी अंगावर कोसळून हजारो माणसे दगावली. त्यास दैवकोप कसा म्हणावा? २००२ च्या नकाशात किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात आली.