घोड्याची फेरी: बॅकट्रॅकिंगच्या आधी आणि नंतर

घोडा अडीच घर चालतो. पटावरच्या कोणत्याही घरातून निघून चौसष्ट घरांवर एकेकदाच जायचे, एकही घर सोडायचे नाही आणि एकही पुन्हा शिवायचे नाही, हे घोड्याच्या फेरीचे कोडे. डेटा स्ट्रक्चर्स किंवा अल्गोरिदमच्या अभ्यासक्रमात ते बॅकट्रॅकिंगचे उदाहरण म्हणून येते. त्यामुळे ही युक्ती याच कोड्यासाठी निघाली, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. प्रत्यक्षात हे कोडे बॅकट्रॅकिंग या शब्दापेक्षा हजार-अकराशे वर्षांनी जुने आहे, आणि त्या काळात ते अनेकांनी सोडवले.

नवव्या शतकातील काश्मिरी पंडित रुद्रट याच्या 'काव्यालंकार' या ग्रंथात 'तुरगपद' नावाचा चित्रबंध आहे. अनुष्टुभाचे चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरे, म्हणजे ३२ घरांचा अर्धा पट. श्लोक सरळ वाचा किंवा घोड्याच्या चालीने वाचा, शब्द तेच येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर घोड्याचा मार्ग हे ३२ स्थानांचे एक परम्युटेशन आहे, आणि त्याच्या प्रत्येक सायकलमधील सर्व स्थानांवर एकच अक्षर असावे लागते. म्हणून तो श्लोक मोजक्याच अक्षरांवर उभा आहे. अर्थ लावताना टीकाकारांची दमछाक होते ती यामुळेच. पुढे वेदान्तदेशिकांनी 'पादुकासहस्र'मध्ये अट सैल केली: एका श्लोकाची अक्षरे घोड्याच्या चालीने वाचली की दुसरा, वेगळा श्लोक मिळतो.

सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' या बारा मयूखांच्या ग्रंथात पूर्ण पटाची फेरी दिली. भट्ट घराणे मूळचे पैठणचे. याच ग्रंथातील 'व्यवहारमयूख' मुंबई इलाख्यातील न्यायालये वारसाहक्काच्या खटल्यांत प्रमाण मानत, पण त्याच लेखकाने घोड्याचा मार्ग सांगितला आहे हे वकिलांना क्वचितच ठाऊक असे.

आता युरोप. १७५९ मध्ये लिओनार्ड ऑयलरने बर्लिनच्या अकादमीपुढे या कोड्यावर निबंध मांडला. त्याची रीत नीट पाहण्याजोगी आहे, कारण ती बॅकट्रॅकिंग नव्हे. घोडा मनाला येईल तसा चालवा. समजा साठाव्या घरावर तो अडकला आणि चार घरे उरली. साठाव्या घरावरून एका उडीत कोणती जुनी घरे गाठता येतात ते पाहा. त्यांत एकेचाळिसावे असेल, तर १ ते ४१ हा भाग तसाच ठेवून पुढचा तुकडा उलटा जोडा: ४१ नंतर ६०, ५९, ५८ असे करत ४२ पर्यंत. मार्ग तेवढाच लांब राहिला, पण त्याचे टोक आता ४२ वर आले. तेथून एखादे रिकामे घर मिळू शकते. ऑयलर माघार घेत नाही. केलेले काम तो मोडत नाही, फक्त फिरवून घेतो.

१८२३ मध्ये वार्न्सडॉर्फने आणखी सोपा नियम दिला: पुढची उडी अशा घरावर मारा, जेथून बाहेर पडण्याच्या वाटा सर्वांत कमी आहेत. हे पटाकडे पाहिले की पटते. चार कोपऱ्यांना प्रत्येकी दोनच वाटा, मधल्या सोळा घरांना आठ-आठ. गरीब घरे आधी उरकली नाहीत तर ती एकटी पडतात. हा नियम यशाची हमी देत नाही, पण ८ × ८ च्या पटावर बहुतेक वेळा एकदाही मागे न येता फेरी पूर्ण होते.

मग बॅकट्रॅकिंग कोठून आले? चुकल्यास मागे फिरून दुसरी वाट धरण्याची शिस्त एकोणिसाव्या शतकात त्रेमो याने भुलभुलैयासाठी मांडली होती. हा शब्द डी. एच. लेहमर यांनी १९५० च्या दशकात रूढ केला, आणि १९६५ मध्ये गोलोम्ब आणि बॉमर्ट यांच्या लेखाने या रीतीला सर्वसाधारण रूप दिले. काळ महत्त्वाचा आहे. त्या यंत्रांत मेमरी तुटपुंजी होती, आणि बॅकट्रॅकिंगला फक्त चालू मार्ग लक्षात ठेवावा लागतो: ६४ आकडे, बस्स. निक्लाउस विर्थ यांनी १९७६ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात रिकर्शन शिकवण्यासाठी घोड्याची फेरी घेतली. तेथून ती जगभरच्या प्रयोगवह्यांत पोहोचली असावी, असे मला वाटते.

पण या रीतीची किंमत तेथेच दडलेली आहे. विसाव्या उडीला एखादा कोपरा तुटला, तर प्रोग्रॅमला ते कळत नाही. तो पन्नास-साठपर्यंत जातो, अडकतो, शेवटच्या चार-पाच उड्या पुन्हा पुन्हा बदलत बसतो. खरा दोष चाळीस पायऱ्या मागे असतो. आठ चालींचा क्रम बदलून पाहा: एका क्रमाने उत्तर क्षणात येते, दुसऱ्याने प्रोग्रॅम थांबतच नाही. ५ × ५ च्या पटावर एका रंगाची १३ घरे असतात, दुसऱ्याची १२. बारांपैकी एका घरातून सुरुवात केली तर फेरी अशक्यच, कारण प्रत्येक उडीला रंग बदलतो. हे रंग मोजून एका ओळीत सिद्ध होते. बॅकट्रॅकिंग मात्र सगळे झाड पालथे घालून मगच 'नाही' म्हणते.

एकूण फेऱ्या किती, हा प्रश्न तर या रीतीच्या आवाक्याबाहेरचा. सुरुवातीच्या घरी परतणाऱ्या बंद फेऱ्या मोजून १९९६ मध्ये लोबिंग आणि वेगेनर यांनी ३,३४,३९,१२,३४,८४,२९४ हा आकडा लेखाच्या शीर्षकातच छापला. या संख्येला ४ ने भाग जायला हवा. शेवटचे दोन अंक ९४, म्हणजे जात नाही. पुढच्याच वर्षी ब्रेंडन मॅके यांनी पट दोन भागांत तोडून मोजणी केली आणि दिशा न धरता १,३२,६७,३६,४४,१०,५३२ हा आकडा मिळवला. सेकंदाला दहा लाख फेऱ्या नुसत्या लिहून काढल्या तरी त्याला १५३ दिवस लागतील.